चाव्यांचा डबा

आमच्या देवघराच्या खालच्या फळीवर, वातींच्या पुडीशेजारी, स्टेनलेस स्टीलचा एक पसरट डबा ठेवलेला असतो. त्याच्या झाकणावर कुणाचे तरी नाव कोरलेले होते. आता त्यातली दोन अक्षरे तेवढी लागतात. आत एका मोटारीच्या चाव्यांचा जुडगा आहे. ती मोटार आता नाही, आणि असती तरी मला मोटार चालवता येत नाही. पहाटे पूजेची उपकरणी काढताना डब्याला हात लागतो, तो आतून वाजतो, आणि जपाला बसण्याच्या वेळी ज्यांची आठवण होऊ नये त्यांची आठवण होते. होऊ नये असे म्हणतो, कारण जपाला स्थिर चित्त लागते, आणि त्र्यंबकराव काशीकरांना मी आयुष्यात दोनदाच स्थिर बसलेले पाहिले.

मिशिगनमधल्या या ट्रॉय गावी मी मुलीकडे राहावयास आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. इथल्या देवळाच्या तळघरात दर बुधवारी सकाळी साडेदहाला आम्हा मराठी वृद्धांची बैठक भरते. मुलगी ऑफिसला जाताना मला देवळापाशी सोडते. बैठकीच्या आरंभी मी एक प्रार्थना म्हणावी आणि मग गप्प बसावे, असा माझा अधिकार आणि असे माझे कर्तव्य. माझ्या पहिल्या बुधवारी प्रार्थना चालू असतानाच मला कुठूनतरी बारीक किणकिण ऐकू आली. कुणी टाळ वाजवीत असेल असे वाटले. डोळे उघडून पाहिले तर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ भिंतीशी उभे होते. अंगात एकावर एक दोन स्वेटर, वरच्याची बटणे एक घर चुकवून लावलेली, कानामागे पेन्सिल, आणि उजवा हात खिशात. त्या खिशात ते चाव्या हलवीत होते.

"चालू द्या, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "माझा हात ऐकत नाही, पण कान ऐकून राहिले आहेत."

हे काशीकर. मूळचे नागपूरचे, शिक्षणाने इंजिनियर, तरुणपणीच इकडे आलेले. ज्या कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले तिथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या होत असत. बिजागरीतून ते वाटाघाटीत कसे आले, याचे उत्तर ते स्वतः असे देत: "व्यवस्थापनातल्या माणसांपैकी मी एकटाच कामगारांबरोबर डबा खाऊन राहिलो होतो. साहेब म्हणाले, हा त्यांच्याशी बोलतो, तर यालाच बोलू द्या." मग वीस-बावीस वर्षे करार करायच्या वेळी कामगार संघटनेच्या समोरच्या बाजूला काशीकर. त्यांना खुर्चीत बसवत नसे. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहत, मग टेबलाभोवती एक फेरी, खिडकीशी थांबून पार्किंगकडे एक नजर, पुन्हा फेरी. बोलणाऱ्याच्या मागे येऊन उभे राहिले की बोलणारा अर्धे वाक्य गिळून मान वळवी. त्यावर ते म्हणत, "वळू नका, पुढे बघून बोला. मी पाठीमागून जास्त चांगला ऐकतो."

डब्याची कथा माझ्या येण्याआधीची. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या एका निवडणुकीच्या वर्षी बैठकीत वादावादी झाली. पुण्याचे जोगळेकर, आयुष्यभर बॉयलरमध्ये काम केलेले आणि आवाजही बॉयलरचाच, रागाने उठून कोट चढवून निघून गेले. त्या दिवशी डॉक्टर विमल रानडे यांना तेच गाडीतून घेऊन आले होते, हे त्यांना घरी पोहोचल्यावर आठवले. बाहेर बर्फ पडत होते. विमलताई देवळाच्या दारात पर्स घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी ज्यांच्याशी त्यांचे सर्वांत अधिक बिनसले होते त्या काशीकरांनीच त्यांना घरी सोडले, आणि वाटेतला प्रत्येक लाल दिवा भांडणात घालवला. पुढच्या बुधवारी काशीकर बगलेत हा डबा घेऊन आले.

"चाव्या आत," ते म्हणाले. "चहा होईपर्यंत झाकण उघडणार नाही. इथे गाडीशिवाय कोणी दहा पावलं जाऊ शकत नाही, मग रागावून तरी कुठे जाईल बाप्पा?"

मी आलो तेव्हा डबा कोणी सांभाळावा हा प्रश्न शिल्लक होता, कारण प्रत्येकाची चावी त्यात असल्याने प्रत्येकाचा त्यात स्वार्थ होता. माझ्याजवळ चावीच नव्हती. एकमताने डबा माझ्या मांडीवर आला; प्रार्थना संपली की चाव्या त्यात पडत.

गेल्या निवडणुकीच्या हंगामात देवळाच्या विश्वस्तांनी तळघराच्या दारावर सूचना लावली. धर्मस्थानाने निवडणुकीचा प्रचार करू नये असा इथला कायदा आहे. म्हणून कोणत्याही उमेदवाराचे नाव या खोलीत उच्चारू नये, अन्यथा खोली मिळणार नाही. जोगळेकर चिडले. काशीकरांना मात्र आनंद झाला. "नाव गेलं, बरं झालं. आता प्रश्नच उरला," ते म्हणाले. प्रश्न असा होता. उमेदवारांच्या वादसभेत कुणीतरी विचारले होते की जी राष्ट्रे आपल्याशी उघड वैर धरतात, त्यांच्या प्रमुखांना तुम्ही कोणतीही पूर्वअट न घालता भेटाल का? एकाने होकार दिला, दुसऱ्याने असा होकार देणे हा पोरकटपणा आहे असे म्हटले. देशभर त्यावर रण माजले, आणि आमच्या तळघरातही.

काशीकरांचा पक्ष भेटण्याचा. विमलताईंचा पक्ष आधी अट घालण्याचा. या बाई भूल देण्याच्या शास्त्रातल्या. माणसाला किती वेळ बेशुद्ध ठेवता येते याचा त्यांना जन्माचा अनुभव, म्हणून असेल, पण त्या स्वतः क्षणभर बेसावध नसत.

"डॉक्टर, तुम्ही म्हणून राहिल्या की त्यांनी आधी शस्त्रं खाली ठेवावी, मग बोलू. ठेवली, तर मग बोलायचं कशावर? हवामानावर?"

"हवामानावर नको. मिशिगनमध्ये त्यावरूनही भांडणं होतात."

"अट हीच तर बोलण्याची गोष्ट आहे, राजेहो. ती दाराबाहेर ठेवून आत या म्हटलं, तर आत येऊन करायचं काय?"

"आत येऊन चहा प्यायचा, फोटो काढून घ्यायचा आणि घरी जाऊन पुन्हा तेच कारखाने चालू ठेवायचे. त्यांना वेळ हवा असतो, काशीकर. तुमची बोलणी म्हणजे त्यांना मिळालेला वेळ."

एकदा चहाच्या वेळी मी काशीकरांना सहज सांगितले की आमच्या न्यायशास्त्रात बोलण्याच्या झगड्याचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ दुसऱ्याचे मोडण्यासाठी चालते ती वितंडा. शिवाय प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने पूर्ण मांडावे, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. ते मांडल्याखेरीज उत्तर देण्याचा अधिकार येत नाही. मी हे पाठशाळेत गुरुजींच्या पायाशी बसून शिकलो आणि पुढे पन्नास वर्षे केवळ परीक्षेपुरते शिकवले. काशीकरांनी ते चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी कामाला लावले. पुढच्या आठवड्यापासून कुणाचा आवाज चढला की ते कानामागची पेन्सिल काढून टेबलावर आपटत: "जल्प! जोगळेकर, हा जल्प झाला." आणि त्यांनी नियम केला की समोरच्याने 'हो, हेच माझं म्हणणं' असे म्हटल्यावाचून कुणी त्याला उत्तर द्यायचे नाही.

नियमाचा पहिला बळी स्वतः तेच ठरले. विमलताईंचा पक्ष त्यांनी मांडला, ताई म्हणाल्या, "हा माझा पक्ष नाही. ही तुमची सोय आहे." दुसऱ्या बुधवारी पुन्हा मांडला. "अर्धा झाला," ताई म्हणाल्या. त्या आठवड्यात काशीकरांनी मला चार वेळा फोन केला. ताईंचे म्हणणे भीतीतून येते की अनुभवातून, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांना झोप लागत नव्हती असेही त्यांच्या सुनेकडून कळले. तिसऱ्या बुधवारी टेबलाभोवती फिरत ते पंधरा मिनिटे बोलले: ज्याने एकदा दिलेला शब्द मोडला त्याच्याशी हात मिळवताना आपल्यावर विसंबलेल्या लहान मित्रांना काय वाटेल, त्याच्याच तुरुंगात पडलेल्या माणसांना तो फोटो पाहून काय वाटेल, आणि वेळ ही वस्तू दोन्ही बाजूंना सारखी मिळत नाही. बोलणे संपले तेव्हा खोलीतले दोघे जण ताईंच्या बाजूला गेले होते. ताईंनी चष्मा काढून पुसला.

"हो. हे माझं. मी कधी इतकं नीट बोलले नव्हते."

"झालं तर," असे म्हणून काशीकर समाधानाने खिडकीशी गेले.

"अहो, पण तुमचं उत्तर?" जोगळेकर म्हणाले.

"ते पुढच्या बुधवारी. आज मला तेच पटून राहिलं आहे."

उत्तर त्यांनी पुढच्या बुधवारी दिले, आणि ते ऐकून जोगळेकरांनी जो प्रश्न सगळ्यांच्या मनात होता तो विचारला. "इराणशी बोला, कोरियाशी बोला, ठीक. आपल्या पश्चिमेच्या शेजाऱ्याशी? तिथेही विनाअट? सांगा ना, काशीकर."

इतका वेळ काशीकरांच्या बाजूने माना हलवणारे आता टेबलाकडे बघत होते. काशीकरांचा हात खिशात गेला आणि तिथे काही नाही हे कळून बाहेर आला. चेहरा लाल झाला होता. ते एक फेरी फिरले, दुसरी फिरले, दाराशी जाऊन थांबले. मला वाटले, हे आता जातात.

"मला राग येऊन राहिला आहे," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "जोगळेकरांचा नाही. प्रश्नाचा. तिथलं नाव ऐकलं की माझंही डोकं चालत नाही. आणि राग आला की मी उठतो. तुम्हाला वाटतं डबा तुमच्यासाठी आणला? माझ्यासाठी आणला जी."

मग त्यांनी ते सांगितले, जे या खोलीत कुणाला ठाऊक नव्हते. शेवटच्या कराराच्या वेळी कारखान्यात बोलणी अकरा दिवस चालली होती. बाराव्या दिवशी समोरच्या एका माणसाने त्यांना, तुझ्या देशात जा, असे म्हटले. काशीकर उठले, गाडीत बसले आणि घरी आले. "दुसऱ्या दिवशी गेलो असतो तर तो माफी मागणार होता, हे मला नंतर कळलं. मी तीन दिवस गेलो नाही. मग त्यांनी संप केला, मग मालकाने कारखाना दुसऱ्या राज्यात नेला. चारशे घरं होती त्या गावात. टेबल सोडलं ते मी." दाराकडून ते परत फिरले. "तर जोगळेकर, उत्तर तिथेही तेच. फक्त तिथे मला ते द्यायला वेळ लागतो."

त्या दिवशी चहा जोगळेकरांनी ओतला.

नवरात्रात एक घटना घडली. काशीकर गाडी लावत होते. गाडी फरसबंदीवर चढली आणि देवळासमोरचा अपंगांच्या जागेचा निळा फलक खांबासकट आडवा झाला. काही क्षणांपूर्वी तिथूनच एक बाई तुळशीची कुंडी घेऊन आत गेल्या होत्या. काशीकर म्हणाले, ऊन डोळ्यांवर आले. विश्वस्तांनी त्यांच्या मुलाला कळवले.

मुलगा निखिल. जन्म ट्रॉयचाच, वय चाळिशीच्या आसपास, गावातच वेगळा राहणारा. बापाने दारांच्या बिजागऱ्या केल्या, हा मोटारींच्या ब्रेकचे सॉफ्टवेअर लिहितो. त्याने वडिलांना एकच वाक्य सांगितले, आणि ते वाक्य काशीकरांनी आम्हाला बुधवारी जसेच्या तसे ऐकवले: "आधी कीज द्या, बाबा. मग टॉक करू." ऐकवताना ते हसत होते, पण बटणे त्या दिवशी दोन घरे चुकली होती. "माझ्या घरात पूर्वअट आली, राजेहो. मी म्हटलं, आधी बोल, मग चावीचं बघू. तो रोज सकाळी सातला फोन करतो. मी उचलतो, 'जिवंत आहे' म्हणतो, आणि ठेवतो."

"बरोबर आहे निखिलचं," विमलताई म्हणाल्या.

"डॉक्टर, तुम्ही तर म्हणणारच."

"म्हणणार नाही तर काय? मी इतके दिवस दुसरं काय सांगतेय? तुमची बोलणी चालतील तीन महिने. तीन महिने तुम्ही रस्त्यावर गाडी घेऊन. मध्येच कुणी मेलं, तर त्याला तुम्ही काय सांगाल, की बोलणी चांगली चालली होती?"

काशीकरांनी पेन्सिल काढली. 'जल्प' म्हणणार असे वाटले. पण हा जल्प नव्हता हे त्यांनाही कळले असावे. पेन्सिल पुन्हा कानामागे गेली. पुढचे चार बुधवार ते तसेच आले, स्वतः गाडी चालवीत. चाव्या डब्यात टाकताना माझ्याकडे पाहत नसत. आम्हा सर्वांना एकच चिंता लागली होती की हा मनुष्य कुणाला तरी इजा करील, नाहीतर त्याची गाडी जाईल आणि तिच्याबरोबर त्याचा बुधवारही जाईल. मी देवापुढे रोज त्यांच्यासाठी एक माळ जास्त ओढू लागलो, आणि नेमके काय मागावे हे मला कळत नव्हते.

पाचव्या बुधवारी निखिल आला. वडिलांच्या गाडीच्या मागे आपली गाडी आडवी लावून, म्हणजे ती हलूच नये अशी नाकेबंदी करून, तो बूट काढून खाली तळघरात आला. मी डबा पुढे केला.

"काका, मी टू मिनिट्ससाठी आलोय. मला मीटिंग आहे."

"दोन मिनिटे तर दोन मिनिटे. नियम सर्वांना आहे," मी म्हणालो.

त्याने आमच्याकडे, डब्याकडे, वडिलांकडे पाहिले. चावी टाकली. झाकण लागले. मग तो म्हणाला, "बाबा, धिस इज नॉट अ डिबेट."

"नाही ना. म्हणूनच आधी तुझा पक्ष मी मांडतो. तू हो म्हणेपर्यंत मी माझं काही बोलणार नाही." काशीकर फिरू लागले. "निखिलचं म्हणणं असं, की म्हातारपणी माणसाला आपलं कमी झालेलं कळत नाही..."

"नो. ते नाही."

"त्याचं म्हणणं असं, की काही झालं तर वकील, विमा, कोर्ट, याच्या मागे लागेल..."

"बाबा, प्लीज. दॅट्स नॉट इट." निखिलने घड्याळाकडे पाहिले आणि मग मनगट टेबलाखाली नेले.

काशीकर थांबले. खुर्ची ओढली आणि बसले. त्यांना खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर ठेवून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"याच्या टेबलावर कागद येतात," ते आमच्याकडे बघून म्हणाले. "कोणती गाडी कुठे थांबली नाही, त्याचे. हा सकाळी फोन करतो तेव्हा मी जिवंत आहे म्हणून सांगतो. पण याला ते विचारायचंच नसतं. याला विचारायचं असतं की रस्त्यावरचे बाकीचे जिवंत आहेत का. मी मरेन याची याला भीती नाही. याला भीती आहे की मी कुणाला मारीन आणि स्वतः उरेन. हा लहान होता तेव्हा कारखाना गेला. त्यानंतर त्याचा बाप घरीसुद्धा खुर्चीत बसला नाही, हे याने पाहिलं आहे. आता बापाच्या अंगावर दुसरं एक तसंच ओझं पडेल, आणि ते उतरायला वय शिल्लक नाही. हे याचं म्हणणं."

निखिल मराठीत म्हणाला, "हो. हेच."

"आता तुझी पाळी," विमलताई त्याला म्हणाल्या. "बाबांचा पक्ष तू मांड."

"मावशी, मला नाही जमणार हे."

"सगळ्यांना जमतं. तुझ्या बाबांना माझा मांडायला तीन आठवडे लागले."

निखिलने हाताने तोंड पुसले. "बाबांना वाटतं... एकदा कीज दिल्या की त्यांना कोणी काही विचारणार नाही. एनीथिंग. कुठे राहायचं, काय खायचं, डॉक्टर कुठला. सगळं आम्ही डिसाइड करू, आणि त्यांना फक्त पिक-अप करू. ते टेबलवरच नसतील."

"हो," काशीकर म्हणाले.

त्यानंतर जे ठरले ते दहा मिनिटांत ठरले, आणि दोघांपैकी कुणी हरले असे मला तरी दिसले नाही. काशीकर म्हणाले, "आता माझी अट नाही, सूचना आहे. चाव्या याच्याकडे नको, माझ्याकडे नको. शास्त्रीबुवांकडे. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि खोटं बोलता येत नाही. डोळ्यांची तपासणी होऊ दे, गाडी चालवण्याची परीक्षा होऊ दे. मग आम्ही दोघांनी मिळून मागितल्या तरच त्यांनी द्यायच्या. एकाने मागितल्या तर नाही. मी मागितल्या तरी नाही."

"आणि बुधवार?" निखिलने विचारले.

"बुधवारी मी आणीन," विमलताई म्हणाल्या. "पण माझी पूर्वअट आहे. माझ्या ड्रायव्हिंगवर बोलायचं नाही."

"ही अट मान्य नाही," काशीकर म्हणाले. "बोलणी चालू ठेवू."

चहा झाला, झाकण उघडले, प्रत्येकाने आपापली चावी घेतली. तळाशी एक जुडगा राहिला. डबा तसाच माझ्याबरोबर घरी आला. बैठकीसाठी पुढे विमलताईंनी दुसरा आणला, प्लास्टिकचा; तो वाजत नाही. त्या दुसऱ्या डब्यात टाकायला काशीकरांकडे काही नव्हते, म्हणून ते माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "सरका, शास्त्रीबुवा. आता बिनचावीचे आपण दोघं." बसले मात्र नाहीत. पाठीला धरून उभे राहिले.

निवडणूक झाली. तिचा निकाल इथे सांगण्याचे कारण नाही. भेटावे की न भेटावे हा प्रश्न निकालाने सुटला नाही, आणि काशीकर व विमलताई गाडीत तो दर बुधवारी नव्याने सोडवीत येत. माघात काशीकर गेले. अल्प आजार, मुलगा उशाशी. परीक्षा व्हायची राहिली होती. तेराव्यानंतर मी डबा घेऊन निखिलकडे गेलो. त्याने झाकणावर हात ठेवला, उघडले नाही. "काका, तुमच्याकडेच राहू दे. दोघांनी मिळून मागितल्या तरच द्यायच्या होत्या ना," तो म्हणाला.

त्याआधीची, शेवटची भेट पौषातली. दुपारची वेळ, बाहेर गोठवणारी थंडी. दार वाजले. काशीकर अर्धा मैल बर्फातून चालत आले होते. भुवयांवर दहिवर साचले होते. पादत्राणे काढीपर्यंत त्यांना धीर नव्हता.

"शास्त्रीबुवा, थंडीत गाडीची बॅटरी बसते. आठवड्यातून एकदा स्टार्ट करावी लागते. फक्त स्टार्ट. गॅरेजच्या बाहेरही नेणार नाही. पाच मिनिटं द्या."

मी काय करावे? वचन दोघांचे होते, आणि दारात उभा होता तो एकटा, ऐंशी वर्षांचा मनुष्य. नाही म्हणण्याचा मला अधिकार होता, पण त्या मुखाकडे पाहून तो वापरवेना. मी उठलो, देवघरातून डबा आणला आणि झाकण न उघडता त्यांच्या पुढ्यात ठेवला.

ते खुर्चीत बसले. दुसऱ्यांदा. डबा दोन्ही हातांनी उचलला, कानाशी नेला आणि हलकेच हलवला. चाव्या वाजल्या. ते ऐकत राहिले. किती वेळ, ते मी मोजले नाही. मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"बसली तर बसू दे बॅटरी," ते म्हणाले. "काहून एवढं चालत आलो, कोण जाणे."

चहा घेतला नाही. मी खिडकीतून पाहत होतो. बर्फातल्या आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवीत ते परत चालले होते, थोडे घाईने, नेहमीसारखे. उजवा हात कोटाच्या खिशात होता, आणि वळणापर्यंत तो खिसा हलताना दिसत होता.